कागदाच्या कलाने: घरच्या घरी शिवायची पक्क्या बांधणीची वही

दुसऱ्या वर्षाच्या सबमिशनला मी माझी पहिली वही टेबलावर ठेवली, तेव्हा वर्गातल्या तिघी-चौघींनी तिच्या कव्हरवरून आधीच हात फिरवून घेतला होता. आजीच्या विरलेल्या इरकली लुगड्याचं कापड होतं आणि काठ बरोबर कण्यावर आला होता. मॅडमनी कव्हरकडे पाहिलंच नाही. त्यांनी वही मधोमध उघडली, टेबलावर ठेवली आणि हात काढून घेतला. पानं हळूहळू उभी राहिली आणि वही आपली आपण मिटली. ‘कागद आडवा घेतलास,’ एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

त्यानंतर मी अकरा वह्या शिवल्या. डिझाइनच्या अभ्यासक्रमात आम्ही लाकूड, माती, कापड, ठसे असं पुष्कळ काही हाताने केलं, पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या वह्यांनी. वर्गात शिकलेलं, बिघडलेलं आणि दुरुस्त केलेलं सगळं इथे क्रमाने लिहिते आहे. साधारण ए-५ आकाराची, ९६ पानांची, कापडी पुठ्ठ्याची वही यातून तयार होईल. परळच्या चाळीतल्या आमच्या खोलीत, जेवणाचं ताट उचलल्यावर मोकळ्या होणाऱ्या जागेत मी हे सगळं केलं आहे. जागा नाही म्हणून अडून बसू नका.

कागदाला कल असतो

कारखान्यात कागद तयार होतो तेव्हा पाण्यात भिजलेले तंतू धावत्या जाळीवर पसरतात आणि बहुतेक तंतू जाळी जाते त्याच दिशेला लांबट होऊन बसतात. वर्गात याला सगळे ‘ग्रेन’ म्हणतात. मी ‘कल’ म्हणते, कारण माणसासारखंच कागदालाही त्याच्या कलाने घ्यावं लागतं. कलाच्या दिशेने कागद सहज वळतो, सरळ फाटतो, घडी नीट घेतो. आडव्या दिशेने तो ताठ राहतो, घडीवर भेगाळतो. शिवाय ओल लागली की तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत बऱ्यापैकी फुगतात. म्हणून ओला झालेला कागद एकाच दिशेने पसरतो आणि वाळताना त्याच दिशेने ओढला जातो.

वहीत एकच नियम पाळायचा: पानं, अस्तराचे कागद (पुठ्ठ्याला आतून चिकटणारे), पुठ्ठे, कण्याची पट्टी या सगळ्यांचा कल कण्याला समांतर, म्हणजे वही उभी धरल्यावर वरून खाली. एकही वस्तू आडवी गेली तर ती बाकीच्यांशी भांडत राहते.

कल ओळखायचे तीन मार्ग आहेत. पहिला, कागद न मोडता अलगद दुमडून तळव्याने हलकेच दाबायचा, मग दुसऱ्या बाजूने तसंच करायचं. ज्या बाजूने कमी विरोध जाणवतो, तिथल्या वळणाची रेघ कलाला समांतर. दुसरा, कोपऱ्यातून फाडून बघायचं. कलाच्या दिशेने फाटलेली कड बऱ्यापैकी सरळ येते, आडवी फाडली की वाकडीतिकडी पळते. तिसरा मार्ग मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. दोन बोटं रुंदीचा चौकोनी तुकडा घेऊन एका बाजूने ओल्या बोटाने पुसायचा. तुकडा लगेच नळीसारखा वळतो, आणि नळी ज्या दिशेला लांब, तिकडे कल. तुकडा कापण्याआधी तो कागदावर कसा होता हे पेन्सिलीने बाण काढून ठेवा, नाहीतर वळलेली नळी हातात राहते आणि ती कुठून आली ते आठवत नाही.

आता माझी चूक कुठे झाली ते सांगते. झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या ए-४ कागदाचा कल बहुतेक वेळा लांब बाजूला, म्हणजे २९७ मिमीच्या बाजूला असतो. तो मधोमध दुमडून ए-५ केला की घडी कलाला आडवी जाते. पानं ताठ होतात, वही उघडी राहत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे लांब कलाचा ए-३ कागद घेऊन तो मधोमध कापायचा. मिळणाऱ्या ए-४ तुकड्यांचा कल २१० मिमीच्या छोट्या बाजूला येतो, आणि दुमडल्यावर घडी बरोबर कलाच्या दिशेने पडते. तरी प्रत्येक नवीन गठ्ठ्याची ओल्या बोटाची परीक्षा घ्याच, काही ए-३ उलट कलाचेही असतात.

हाताने केलेल्या कागदाची गोष्ट वेगळी. तिथे साचा पाण्यातून उचलून हलवला जातो आणि तंतू चहूकडे विखुरतात, त्यामुळे कल फार थोडा असतो. हा कागद अस्तराला सुंदर दिसतो. पण पहिल्या वहीच्या आतल्या पानांना वापरू नका. जाड असतो, घडीत फुगतो.

सामान आणि ते आणायची वाट

कागदासाठी मी अब्दुल रहमान स्ट्रीटला जाते, कापडासाठी मंगलदास मार्केटला. दोन्ही क्रॉफर्ड मार्केटच्या अंगाला, सीएसएमटीला उतरून चालत. वाटेत क्रॉफर्ड मार्केटच्या दारावर मान वर करून दगडातली शिल्पं जरूर बघा. शेतात राबणारी माणसं कोरलेली आहेत. मार्केट १८६९ चं, आणि ती शिल्पं लॉकवुड किपलिंग यांच्या आराखड्याची. ते जवळच्याच जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला १८६५ मध्ये आले होते. हाताने काम शिकवणारा एक मास्तर आणि भाजीबाजाराची भिंत यांचं असं नातं या शहरात आहे, हे मला कागदाचं बोचकं घेऊन तिथे उभं राहिल्यावर दर वेळी बरं वाटतं.

यादी अशी: १०० ते १२० जीएसएमचे (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) ए-३ कागद १२ (यातून २४ ए-४ होतात), अस्तरासाठी थोडा जाड रंगीत कागद, २ मिमी जाडीचा ग्रे बोर्ड (राखाडी पुठ्ठा), सुती कापड अर्धा मीटर, मलमलीचा तुकडा, १० मिमी रुंदीची सुती नाडी अर्धा मीटर, लिननचा जाड दोरा, मधमाशीचं मेण, सुई, आरी, स्टीलची पट्टी, गुण्या, कटर, फेव्हिकॉल, मैदा आणि दोन ब्रश. लिननचा दोरा मिळाला नाही तर गोधडीचा जाड सुती दोरा चालतो. पॉलिस्टरचा घेऊ नका. तो तुटत नाही हे खरं, पण ओढला की कागदच चिरतो. सुई गोधडीची घ्या आणि तिचं टोक पॉलिश पेपरवर थोडं बोथट करा. भोकं आरीने आधीच पाडलेली असतात, सुईला फक्त त्यातून जायचं असतं. टोकदार सुई शेजारी नवीन भोक पाडते.

बोर्डाची अख्खी शीट संध्याकाळच्या लोकलमध्ये घेऊन चढता येत नाही. दुकानातच चार तुकडे करून घ्या, पण कापण्याआधी शीटच्या चारही भागांवर कलाचा बाण काढा. तुकडे झाल्यावर जाड बोर्डाचा कल ओळखणं अवघड जातं.

घडी

२४ ए-४ कागदांचे चार-चारचे सहा गट करा. चार कागद एकात एक दुमडले की १६ पानांची घडी होते. छापखान्यातले लोक १६ पानांच्या अशा घडीला फॉर्म म्हणतात, मीही तोच शब्द वापरते. सहा फॉर्मची ९६ पानं.

प्रत्येक कागद वेगळा दुमडा, मग एकात एक बसवा. चारही एकदम दुमडले की आतली घडी ढिली राहते. घडीवर नख फिरवायचं नाही, त्याने कागद चकाकतो. बोन फोल्डर (घडी दाबायची चपटी, गुळगुळीत पट्टी) असेल तर उत्तम, नाहीतर स्टीलच्या चमच्याची पाठ आणि मध्ये एक साधा कागद. आमच्या सरांनी पहिले दोन तास फक्त घड्या घालायला लावल्या होत्या. तेव्हा मला ते वेळ घालवणं वाटलं, आज मी स्वतः नवशिक्यांना तेच करायला लावते. घडी अर्धा मिलिमीटर तिरकी पडली की सहा फॉर्म एकावर एक ठेवल्यावर डोकं, म्हणजे वहीची वरची कड, वाकडं दिसतं आणि नंतर ते कशानेच सरळ होत नाही.

सगळे फॉर्म रात्रभर वजनाखाली ठेवा. आमच्याकडे मिक्सर आल्यापासून पडून असलेला आजीचा पाटा याच कामाला आहे. खाली-वर स्वच्छ पाट्या, मध्ये फॉर्म, वर पाटा. सकाळी गठ्ठा निम्म्या उंचीचा झालेला असतो.

भोकं

पोस्टकार्डाइतक्या जाड कागदाची २१० मिमी लांब पट्टी घ्या आणि तिच्यावर डोक्याकडून या मापांवर खुणा करा: १५, ६०, ७२, १३८, १५०, १९५. पहिली आणि शेवटची खूण फॉर्म एकमेकांना बांधणाऱ्या गाठींसाठी, मधल्या दोन जोड्या नाडीच्या दोन्ही बाजूंना. ६० आणि ७२ यांच्यामधून १० मिमीची नाडी आरामात जाते.

एखादी जाडजूड जुनी डायरी मधोमध उघडली की इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच मिळते. त्या खाचेत फॉर्म उघडून ठेवा, घडीत मापाची पट्टी बसवा आणि आरीचं टोक घडीच्या तळातून खाली, बरोबर कण्याच्या रेघेवर बाहेर येईल असं दाबा. आरी तिरकी धरली की बाहेरच्या कागदावर भोक घडीच्या शेजारी येतं आणि तिथून पान फाटायला सुरुवात होते. पट्टीच्या एका टोकाला ‘डोकं’ असं लिहून ठेवा आणि प्रत्येक फॉर्मच्या डोक्यालाही पेन्सिलीने बारीक खूण करा. मी एकदा एक फॉर्म उलटा शिवला होता. भोकं दोन्हीकडून सारख्या अंतरावर असूनही हाताने पाडलेल्या भोकांत फरक असतोच, आणि तो फॉर्म शेवटपर्यंत एक केस बाहेर राहिला.

शिलाई

आपल्याकडची पोथी शिवत नाहीत. सुटी पानं, वर-खाली फळी आणि सगळं रुमालात गुंडाळलेलं. वाचताना पान उचलून पलीकडे ठेवायचं. याउलट काळबादेवी-मस्जिद बंदरच्या व्यापाऱ्यांच्या लाल कापडाच्या लांबट चोपड्या बघा. दिवाळीत पूजन होऊन गादीवर पसरल्या की दिवसभर सपाट उघड्या राहतात, कारण त्या घडीतून शिवलेल्या असतात. आपल्याला तेच साधायचं आहे.

साधारण १६० सेंटिमीटर दोरा घ्या आणि मेणावरून दोन-तीनदा ओढा. मेणामुळे दोरा गुंतत नाही आणि गाठ सरकत नाही. नाडीचे दोन तुकडे प्रत्येकी १२ सेंटिमीटरचे करून टेबलाच्या कडेला चिकटपट्टीने उभे लावा, म्हणजे कणा त्यांना टेकवून शिवता येतं.

पहिला फॉर्म कडेला ठेवा. सुई बाहेरून पहिल्या भोकातून आत घाला आणि बाहेर ८ सेंटिमीटर शेपूट सोडा. आतून ६० च्या भोकाने बाहेर या, नाडीवरून जाऊन ७२ ने आत. आतून १३८ ने बाहेर, नाडीवरून, १५० ने आत. शेवटच्या १९५ च्या भोकातून बाहेर. दोरा ताणा. इथे सगळ्यात महत्त्वाची सवय लावून घ्या: दोरा नेहमी कण्याच्या रेघेत, शिलाई ज्या दिशेने चालली आहे त्याच दिशेने ओढायचा. स्वतःकडे किंवा वर ओढला की तो सुरीसारखा घडी चिरत जातो. माझ्या दुसऱ्या वहीचा तिसरा फॉर्म असाच दोन भोकांच्या मध्ये फाटला आणि मला सगळं उसवून परत सुरुवात करावी लागली.

दुसरा फॉर्म वर ठेवा. त्याच्या १९५ च्या भोकातून आत जा आणि उलट्या दिशेने तसंच शिवत पहिल्या भोकातून बाहेर या. इथे सोडलेलं शेपूट आणि हातातला दोरा यांची दुहेरी गाठ मारा. घट्ट, पण फॉर्म आवळून वाकतील इतकी नाही.

तिसरा फॉर्म पहिल्या भोकाने सुरू करून १९५ ने बाहेर पडा. आता सुई खाली नेऊन पहिल्या आणि दुसऱ्या फॉर्मला जोडणाऱ्या दोऱ्याच्या मागून सरकवा, तयार झालेल्या फासातून सुई काढा आणि दोरा हळूच ओढा. वर्गात हिला केटल स्टिच म्हणतात. दिसायला साखळीच्या टाक्यासारखी आहे. ज्यांनी भरतकाम केलंय त्यांचा हात लगेच बसतो. चौथा फॉर्म १९५ ने आत, पहिल्याने बाहेर, पुन्हा खालच्या जोडाला गाठ. सहावा फॉर्म पहिल्या भोकाशी संपतो. तिथे दोनदा गाठ मारून दोरा एक सेंटिमीटर ठेवून कापा.

प्रत्येक फॉर्म झाल्यावर तो बोटांनी खाली दाबून बसवा. शिवताना कणा फुगतो, कारण प्रत्येक घडीत दोऱ्याची जाडी येते. फार जाड दोरा घेतला तर कणा १५ मिमी आणि मोकळी बाजू ७ मिमी अशी पाचर तयार होते. माझा कणा १२० जीएसएमला ९ मिमीच्या आसपास येतो. तुमचा जितका येईल तितका पट्टीने मोजून लिहून ठेवा. पुढची सगळी मापं त्यावर आहेत.

कणा

अस्तरासाठी दोन कागद दुमडून घ्या (कल पुन्हा बघा), घडीलगत ४ मिमी रुंदीवर फेव्हिकॉल लावा आणि पहिल्या व शेवटच्या फॉर्मच्या कडेला चिकटवा. बाकीच्या भागावर गोंद जाऊ नये म्हणून वर एक कागद ठेवून फक्त तेवढी पट्टी उघडी ठेवायची.

मग गठ्ठा टेबलावर आपटून डोकं आणि कणा सरळ करा. दोन पाट्यांमध्ये असा ठेवा की कणा २-३ मिमी बाहेर राहील, वर वजन. फेव्हिकॉल बोटाने कण्यावर घासा, फॉर्मच्या फटींत शिरला पाहिजे पण वर थर दिसता कामा नये. जाड थर वाळल्यावर काचेसारखा कडक होतो आणि वही उघडताना कडकड वाजते. अर्ध्या तासाने मलमलीची १८ सेंटिमीटर उंच पट्टी, कण्याच्या दोन्ही बाजूंना २५ मिमी बाहेर राहील अशी लावा. वर पातळ कागदाची कण्याएवढीच पट्टी. रात्रभर तसंच.

खळ आणि कापड

मंगलदासचं कापड थेट पुठ्ठ्यावर चिकटवलं की गोंद विणीतून वर येतो आणि पांढरे डाग पडतात. म्हणून कापडाच्या पाठीला आधी पातळ कागद चिकटवायचा, आणि त्यासाठी खळ लागते.

दोन चमचे मैदा बारा चमचे गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. मंद आचेवर सतत ढवळत आठ-दहा मिनिटं शिजवा. पांढरा रंग जाऊन खळ अर्धपारदर्शक झाली आणि चमच्याला लपेटून राहिली की उतरवा, गार झाल्यावर मलमलीतून गाळा. जुने बाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. मी घालत नाही. मोरचूद विषारी आहे, तांब्याचा क्षार कागदालाही चांगला नाही, आणि आमच्या घरात तेच पातेलं उद्या दुधाला लागतं. त्यापेक्षा थोडी खळ करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. पावसाळ्यात बाहेर ठेवलेली खळ दुसऱ्या दिवशी आंबते.

कापड उलटं करून काचेवर किंवा सनमायकाच्या टेबलावर पसरा, पाणी फवारा, हाताने सुरकुत्या काढून उभे-आडवे धागे काटकोनात आणा. पांढरा पतंगाचा कागद (रंगीत नको, रंग सुटतो) वेगळ्या जागी खळीने पूर्ण ओला करा आणि दोघांनी धरून कापडावर उतरवा. कोरड्या ब्रशने मधून कडेकडे सारत हवा काढा. कडेने कागद कापडाच्या दोन बोटं बाहेर राहू द्या, म्हणजे तो टेबलाला चिकटतो आणि सगळं ताणून वाळतं. पूर्ण वाळल्यावर पातं घालून सोडवा. लुगड्याचं मऊ कापडही मग कागदासारखं सरळ कापता येतं. रेशमी काठ पहिल्याच वहीला वापरू नका, धागे सुटत राहतात.

पुठ्ठे

माझी मापं देते: पुस्तकाचा गठ्ठा २१० उंच, १४८ रुंद, ९ जाड. पुठ्ठ्याची उंची २१६, म्हणजे वर-खाली ३-३ मिमी जास्त. रुंदी १४५. पानापेक्षा कमी कशी, असं वाटेल, पण पुठ्ठा कण्यापासून थोडा लांब सुरू होतो, त्यामुळे पुढच्या बाजूला तो बाहेर येतोच. कण्याची पट्टी २१६ बाय १३: जाडी ९ आणि दोन पुठ्ठ्यांचे ४. पुठ्ठा आणि कण्याची पट्टी यांच्यात दोन्हीकडे ७ मिमीची खाच. हे सगळं आधी साध्या कागदावर कापून गठ्ठ्याभोवती गुंडाळून बघा.

बोर्ड एका दमात कापायचा नाही. कटरचं नवीन पातं, उभं राहून, पट्टीवर घट्ट हात आणि पाच-सहा हलके वार. जोर लावला की पातं पट्टीवर चढतं आणि पट्टीवर तुमचं बोट असतं.

कापड ३५७ बाय २५६ कापा. निम्मी खळ, निम्मा फेव्हिकॉल असं मिश्रण करा. नुसता फेव्हिकॉल पटकन धरतो आणि वाकडा बसलेला पुठ्ठा हलवता येत नाही. मिश्रण पुठ्ठ्याला लावा, कापडाला नाही. पुठ्ठे गुण्याने सरळ रेषेत बसवा. कोपऱ्यांवर कापड ४५ अंशांत कापा, पण पुठ्ठ्याच्या टोकापासून ३ मिमी सोडून. अगदी टोकाशी कापलं तर कोपऱ्यातून राखाडी बोर्ड डोकावतो. आधी डोकं आणि तळ आत वळवा, कोपऱ्यात उरलेली चिमूट नखाने आत दाबा, मग बाजू वळवा. दोन्ही खाचांतून बोन फोल्डर फिरवा.

जुलैमध्ये केलेले पुठ्ठे मी घाईने पंख्याखाली वाळत ठेवले आणि सकाळी ते पापडासारखे वळले होते. ओलं कापड वाळताना आकसतं आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतं, आणि पंख्याची हवा फक्त वरची बाजू वाळवते. वर-खाली वर्तमानपत्र, पाटी, पाटा, आणि तासाभराने वर्तमानपत्र बदलायचं. पावसाळ्यात हे दोन दिवस. थोडा बाक राहिला तरी घाबरू नका. आत अस्तर चिकटलं की ते उलट्या बाजूने ओढतं आणि पुठ्ठा बराचसा सरळ येतो. अस्तराचा कल आडवा असेल तर मात्र ते तिसऱ्याच दिशेला ओढतं आणि चारही कोपरे उचलतात.

गठ्ठा कव्हरमध्ये बसवताना

याला दहा मिनिटं लागतात आणि या दहा मिनिटांत दार वाजलं तरी उघडायचं नाही. सगळं हाताशी ठेवा: फेव्हिकॉल (थोडंसंच पाणी घालून), रुंद ब्रश, जुनी वर्तमानपत्रं, प्लास्टिकचे दोन तुकडे, विणकामाच्या दोन सुया, रबरबँड.

गठ्ठा कव्हरमध्ये ठेवून तीनही बाजूंनी कड सारखी आहे ना ते बघा. पुढचा पुठ्ठा उघडा. अस्तराच्या दोन पानांमध्ये वर्तमानपत्र सरकवा. आधी नाड्या आणि मलमल गोंदाने अस्तरावर चिकटवा, मग पूर्ण पानाला मधून कडेकडे गोंद लावा, पातळ आणि सगळीकडे सारखा. वर्तमानपत्र काढून टाका. हे विसरलात तर पहिलं पान कायमचं चिकटतं. आता अस्तर उचलून पुठ्ठ्यावर लावायचं नाही. पुठ्ठा खाली आणून अस्तरावर टेकवायचा आणि दाबायचा. उघडून बघायचा मोह फार होतो, आवरा. वही उलटी करून दुसरी बाजू तशीच.

दोन्हीकडे अस्तराच्या घडीत प्लास्टिक घाला म्हणजे ओल पानांत जाणार नाही. खाचांत सुया बसवून रबरबँडने धरा, त्यामुळे बिजागरी ठसठशीत उमटते. मग वजन. दहा मिनिटांनी एकदाच उघडून कुठे सुरकुती किंवा बाहेर आलेला गोंद आहे का ते बघा, प्लास्टिक पुसून परत ठेवा. नंतर किमान २४ तास, जून ते सप्टेंबर तीन दिवस.

पहिल्यांदा उघडताना

तयार वही मधूनच खसकन उघडू नका. कणा टेबलावर टेकवा, दोन्ही पुठ्ठे खाली सोडा. पुढची चार-पाच पानं उघडून घडीवरून बोट फिरवा, मग मागची चार-पाच. असं आलटूनपालटून मध्यापर्यंत या. शिलाई सगळीकडे सारखी सैलावते आणि कणा एकाच जागी मोडत नाही. मध्यावर आलात की पानांवरून हात काढून घ्या.

माझी चौथी वही पहिल्यांदा अशी उघडी राहिली. कव्हर साधं मांजरपाटाचं होतं, काठबीठ काही नाही. ती आता आईकडे आहे. भिशीचा हिशेब करताना ती एका हाताने फोन कानाला लावते आणि दुसऱ्या हाताने त्यात लिहिते.